गैरहजेरीची जोडी

त्या माणसाच्या डोळ्यांत काहीच दोष नव्हता, आणि चष्मेवाल्याला भीती वाटली ती त्याचीच.

दुपार होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. माणूस आत आला, दार मागे हळूच लोटून घेतलं आणि सरळ तपासणीच्या खुर्चीत बसला. चाळिशीच्या पुढचा, रुंद खांद्यांचा, गुळगुळीत दाढी केलेला. चष्मेवाल्याने सवयीने त्याच्या एका डोळ्यावर चकती धरली आणि समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. माणूस वरच्या मोठ्या अक्षरापासून निघाला तो न अडखळता खाली आला. तळाची ओळ चष्मेवाल्याने कित्येक वर्षांत कोणाच्या तोंडून पुरी ऐकली नव्हती. ती या माणसाने दुकानाची पाटी वाचावी तशी वाचून टाकली. दुसऱ्या डोळ्यानेही तेच.

"तुम्हाला चष्मा नको," चष्मेवाला म्हणाला. "नजर उत्तम आहे."

"माहीत आहे," माणूस म्हणाला. "लांबचं फार छान दिसतं मला. काल बागेच्या कोपऱ्यावर उभा होतो, तिथून तुमची मुलगी दिसली. शिकवणी संपवून येत होती. निळी छत्री. एका काडीला दोरा गुंडाळलेला. बरोबर ना?"

चष्मेवाल्याच्या हातातली चकती फरशीवर पडली आणि गोल फिरत कपाटाखाली गेली. दोघंही ती थांबेपर्यंत ऐकत राहिले.

"कंत्राटदारसाहेबांनी आठवण करून द्यायला सांगितलंय," माणूस उठत म्हणाला. "परवा सकाळी वेळेवर या म्हणाले."

आणि तो गेला. दार जसं हळू उघडलं होतं तसंच हळू लावून गेला.

आता परवा काय होतं ते सांगितलं पाहिजे. परवा जिल्हा परिषदेच्या नव्या अध्यक्षाची निवड होती, आणि आमचा हा चष्मेवाला त्या परिषदेचा सदस्य होता. तो सदस्य कसा झाला याचं त्याला स्वतःलाही अजून नीटसं उत्तर सापडलेलं नव्हतं. त्याच्या भागातून कोणाला उभं करायचं यावरून पक्षात हाणामारीची वेळ आली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, ज्याच्याविषयी कोणाचंच काही म्हणणं नाही असा माणूस शोधा. सगळ्यांच्या नाकावर त्यानेच बसवलेले चष्मे होते. त्याला 'नाही' म्हणायला जमलं नाही. आयुष्यात फारसं कधी जमलंच नव्हतं. तो निवडून आला, सभागृहात मागच्या बाकावर बसू लागला, हात वर करा म्हटलं की वर करू लागला आणि एरवी टेबलाखाली पुस्तक उघडून वाचू लागला.

परिषद त्याच्या पक्षाच्या ताब्यात होती, पण फक्त एका माणसाच्या जोरावर. तो एक माणूस म्हणजे जुने अध्यक्षच. ते राज्याच्या वरच्या सभागृहात निवडून गेले, त्यांची इथली जागा रिकामी झाली, आणि काटा अगदी मधोमध येऊन थांबला. दोन्ही पक्षांची माणसं आता सारखी. रस्ते कोणी बांधायचे, कोणाच्या गावाला पाणी आधी द्यायचं, कोणाची बदली कुठे करायची, हे सगळं ज्याच्या हातात, त्या खुर्चीवर आता एका हाताने इकडचा नाही तर तिकडचा माणूस बसणार होता. इकडून, म्हणजे चष्मेवाल्याच्या पक्षातून, कंत्राटदार उभे होते. जिल्ह्यातले निम्मे रस्ते त्यांनीच केलेले. आवाज कधी वाढवायचे नाहीत. समोरच्याचा हात दोन्ही हातांत घेऊन बोलायचे आणि बोलणं संपलं तरी हात सोडायचे नाहीत.

आणि नेमका याच वेळी पलीकडच्या पक्षाचा एक सदस्य दवाखान्यात जाऊन पडला होता. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. तीसेक वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, ढेरपोट्या, मोठ्या आवाजाचा. चष्मेवाल्याला तो 'चष्मे' म्हणायचा आणि भर सभागृहात ओरडायचा, "अरे चष्मे, तुझ्या पक्षाला एकदा फुकट तपासून दे, जनता दिसत नाही त्यांना!" चष्मेवाला लाजून पुस्तकात मान घालायचा. पण सभा संपली की दोघं एकाच बाकड्यावर चहा प्यायचे.

त्या दोघांची जोडी होती. म्हणजे काय, तर परिषदेत एक जुनी रीत होती. एका बाजूचा सदस्य आजारपणामुळे किंवा घरच्या दुःखामुळे मतदानाला येऊ शकला नाही, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून गैरहजर राहायचा, म्हणजे कोणाच्या दुखण्याचा कोणाला फायदा नको. याला जोडी बांधणं म्हणत. कुठे लिहिलेलं नव्हतं, कायद्यात तर नव्हतंच. दोघांनी हातात हात द्यायचा, एकाने म्हणायचं "जोडी?", दुसऱ्याने म्हणायचं "जोडी", संपलं. त्या दिवशी दोघांपैकी कोणी परिषदेच्या फाटकाच्या आत दिसायचं नाही. दिसला की जोडी मोडली, आणि मग दुसरा मोकळा.

पूर्वी एकदा चष्मेवाल्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन होतं आणि त्याच दिवशी मोठं मतदान निघालं. तेव्हा ड्रायव्हर त्याच्यासाठी घरी बसला. त्याच्या पक्षाच्या लोकांनी त्याला फितूर म्हटलं, त्याच्या दारासमोर कचरा आणून टाकला. ड्रायव्हर म्हणाला, "बरं झालं, कुंड्यांना खत झालं." चष्मेवाल्याने हे कधी कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ड्रायव्हरसमोर त्याला बसल्या जागी उठून उभं राहावंसं वाटायचं.

आता ड्रायव्हरचं हृदय थकलं होतं. उद्या-परवाकडे ऑपरेशन, तोवर उशीवरून मान उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हलवलं तर वाटेतच जाईल, असं त्यांनी त्याच्या बायकोला बाहेर नेऊन सांगितलं होतं. चष्मेवाला भेटायला गेला तेव्हा ड्रायव्हरने सुया टोचलेला हात पुढे केला.

"जोडी?"

"जोडी," चष्मेवाला म्हणाला. दोघं बाहेर राहिले तर मतं सारखी पडणार होती आणि चिठ्ठी काढून अध्यक्ष ठरणार होता.

"बघ हं," ड्रायव्हर धापा टाकत हसला. "तू गेलास तर मला यावं लागेल. मी या चादरीसकट येईन."

"असं बोलू नका हो ड्रायव्हर."

"अरे, गंमत केली."

पण ती गंमत नव्हती, हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं.

* * *

दुकानात आलेल्या त्या माणसाने काल मुलीला पाहिलं होतं, आणि आज ती अजून घरी आली नव्हती. चष्मेवाला जेवायला बसला खरा, पण त्याचं सगळं लक्ष जिन्याकडे होतं.

"अहो, जेवताय की नुसतं कालवताय?" बायको म्हणाली.

त्याने सांगितलं. छत्रीच्या काडीच्या दोऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. बायकोच्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

"पोलिसांत जा."

"काय सांगू? एका माणसाला फार चांगलं दिसतं म्हणून?"

तिने डाव काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ होतात, ते ड्रायव्हर भावजींमुळे. मला नका विचारू. माझ्याच्याने दोन्हीपैकी एकही सांगवणार नाही."

जिन्यात पावलं वाजली, मुलगी आत आली, छत्री दाराला टेकवून उभी केली. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला.

"बाबा, असं काय बघताय माझ्याकडे?"

"ती छत्री बदल."

"का?"

"जुनी झाली."

"तुम्हीच तर दुरुस्त केलीत परवा. दोरा तुमचाच आहे. चष्म्याच्या काचा बांधायचा."

तो पानावरून उठला, हात धुतले, चष्मा काढून पुसत बसला. चष्मा काढला की त्याला हातभर अंतरापलीकडचं काही दिसत नसे. जन्मापासूनची जाड काच ती. लहानपणी मास्तर ओरडायला लागले की तो हळूच चष्मा काढायचा. मग मास्तरांचं तोंड विरघळून जायचं, उरायचा नुसता आवाज, आणि आवाजाची एवढी भीती वाटायची नाही. बायको म्हणायची, भांडणात यांनी चष्मा काढला की समजायचं, माणूस घर सोडून गेला.

रात्रभर त्याने विचार केला, आणि घाबरलेला माणूस जी वाट शोधतो ती शोधून काढली. धड ना इकडची, धड ना तिकडची.

"जायचं," सकाळी तो बायकोला म्हणाला. "सही करायची, कंत्राटदारांना तोंड दाखवायचं. आणि दारं लागायच्या आधी पोट बिघडलं म्हणून मागच्या जिन्याने निघून यायचं. मत द्यायचं नाही. म्हणजे जोडीही राहिली आणि हजेरीही झाली."

"लग्नाला गेल्यावर करता तसंच," बायको म्हणाली. "तोंड दाखवून पळायचं." ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "पण फाटकाच्या आत दिसायचं नाही ना जोडीत?"

"ते जुन्या लोकांचं बोलणं गं. महत्त्व मताला."

हे त्याने एवढ्या ठामपणे सांगितलं की त्याचं त्यालाच खरं वाटलं.

* * *

निवडीच्या सकाळी परिषदेच्या रस्त्यावर गर्दी नव्हती, हे त्याला जास्त भीतीदायक वाटलं. गर्दी असती तर तिच्यात शिरता आलं असतं. समोरच्या चहाच्या टपरीवर पलीकडच्या पक्षाचे दोन तरुण बसले होते. चष्मेवाल्याने फाटकातून आत पाऊल टाकलं तसा त्यांतला एक उठला आणि त्याने फोन कानाला लावला. चष्मेवाल्याला ते दिसलं, पण त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला नाही. त्याचे डोळे बागेच्या कोपऱ्यावरच्या त्या माणसाला शोधत होते. तो माणूस पायऱ्यांवरच उभा होता. मान झुकवून त्याने वाट करून दिली.

सभागृहाच्या दाराशी शिपाईमामा उभे होते. घंटा वाजवणं आणि घंटा थांबली की दोन्ही दारांना आतून कडी घालणं, हे त्यांचं काम. कित्येक जोड्या त्यांच्या डोळ्यांदेखत बांधल्या गेल्या होत्या.

"साहेब, तुम्ही?" ते म्हणाले. "तुमची तर जोडी ना?"

"आहे मामा. मी नुसता... सही करायला आलोय."

मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली फरशीकडे बघितलं. चष्मेवाल्याला वाटलं, त्यांनी एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

त्याने सही केली. कंत्राटदार हसत पुढे आले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आलात! मी म्हणालोच होतो. लोक उगाच काहीबाही सांगत होते, चष्मेवाले येणार नाहीत म्हणून."

"माझं जरा पोट..."

"पोटाला काय झालं? आत टेबलावर पाणी ठेवलंय. माझ्या शेजारी बसा आज. मागे कशाला?"

हात सुटला नाही. त्या हाताबरोबर चष्मेवाला आत ओढला गेला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. त्याच्या मागच्या खुर्चीवर कंत्राटदारांचा भाचा बसला, तोही सदस्यच. त्याचे पाय चष्मेवाल्याच्या खुर्चीच्या पायांना टेकलेले होते. मागचा जिना त्या क्षणी शंभर कोस लांब गेला.

इतक्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. ड्रायव्हरची बायको होती.

"भावजी, तुम्ही आत गेलात?" ती रडत नव्हती, पण तिचा आवाज फाटला होता. "यांना फोन आला कोणाचा तरी. चष्मेवाला फाटकातून आत गेला म्हणून. हे उठून बसले हो! सलाइन काढायला लावली. डॉक्टर ओरडतायत, पण पक्षाच्या पोरांनी सही करून रुग्णवाहिकेत घातलं. म्हणतात, जोडी मोडली, आता मला गेलंच पाहिजे. भावजी, तुम्ही खरंच—"

फोन त्याच्या हातातून अलगद वर उचलला गेला.

"आत मोबाइल चालत नाही," कंत्राटदार म्हणाले आणि त्यांनी तो बंद करून आपल्या खिशात ठेवला. "काय म्हणत होत्या?"

"ड्रायव्हर येतोय," चष्मेवाला म्हणाला. "त्याला हलवायचं नाहीये. तो वाटेत मरेल."

कंत्राटदारांनी क्षणभर विचार केला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "येऊ द्या की. दवाखान्यापासूनचा रस्ता आपणच केलाय. त्यात किती खड्डे आहेत ते मला ठाऊक आहे."

भाचा मागे फसकन हसला.

आणि घंटा वाजू लागली.

चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे ड्रायव्हर नव्हता, खरं सांगायचं तर निळी छत्री होती. ती बागेच्या कोपऱ्यावरून वळत होती. घंटा संपली की कडी. कडी लागली की हात वर. एकदाच वर करायचा हात, आयुष्यभर करत आला तसाच. मग घरी जायचं, मुलगी घरी असेल, आणि ड्रायव्हर पायऱ्यांपाशी चादरीसकट पडलेला असेल. 'येऊन पोचेल का तो?' असं मनात आलं आणि त्याबरोबरच, लगोलग, 'नाही पोचला तर...' असंही आलं. त्या दुसऱ्या विचारात एक बारीकशी सुटका होती. ती स्वतःच्या पोटात सापडली तेव्हा चष्मेवाल्याला जी भीती वाटली, तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या भीती लहान होत्या.

त्याने मान वळवून मागे पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. दोन्ही बाजूंचे डोळे, ज्यांतल्या निम्म्यांवर त्याच्याच हातचे चष्मे. एवढ्या डोळ्यांतून चालत जाणं त्याला शक्य नव्हतं.

मग त्याने चष्मा काढला.

सभागृह विरघळलं. कंत्राटदार एक पांढरा डाग झाले, भाचा एक काळा डाग. माणसं गेली, रंग राहिले. आणि त्या सगळ्या धुक्यात एकच गोष्ट ठळक होती. उघड्या दारातून येणारा उजेडाचा उभा चौकोन. चष्मेवाला उठला. कोणीतरी त्याची बाही धरली, शिवण उसवल्याचा आवाज झाला. "बसा!" असं कंत्राटदार म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला त्याने ऐकला. पण तो नुसता आवाज होता. तो खुर्च्यांना धडकत, एकाच्या पायावर पाय देत, माफ करा माफ करा म्हणत त्या चौकोनाकडे चालत राहिला.

दाराशी एक हात घंटेच्या बटणावर होता.

"साहेब, बाहेर गेलात तर परत आत नाही," मामांचा आवाज आला.

"माहीत आहे, मामा."

"डावीकडे पायऱ्या. सांभाळून." आणि चष्मेवाल्याला अजूनही वाटतं की त्या दिवशी ती घंटा नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ वाजत राहिली.

* * *

शेवटची पायरी त्याला दिसली नाही. तो गुडघ्यावर पडला आणि तसाच उठून फाटकाकडे धावला. फाटकात पांढरं काहीतरी मोठं येऊन थांबलं होतं आणि त्याचं मागचं दार उघडत होतं.

"उतरवू नका!" तो ओरडला. एवढ्या मोठ्याने तो जन्मात कधी ओरडला नव्हता. "मी बाहेर आहे! जोडी आहे! उतरवू नका त्याला!"

तो दाराला धरून आत चढला. आत औषधाचा वास होता आणि कोणाचा तरी घरघरणारा श्वास.

"चष्मे?" श्वास म्हणाला. "चष्मा कुठंय?"

"खिशात."

"घाल. मी मेलोय की जिवंत आहे ते तरी बघ."

त्याने चष्मा घातला. ड्रायव्हर राखेच्या रंगाचा झाला होता. ओठ निळे. ड्रायव्हरची बायको, म्हणजे वहिनी, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिने चष्मेवाल्याकडे जे पाहिलं ते त्याने मान खाली न घालता सोसलं.

पक्षाचा तरुण दारातून आत डोकावला. "दादा, तो बाहेर आलाय! घंटा चालू आहे अजून. तुम्हाला आत नेलं की आपली परिषद! स्ट्रेचर धर रे!"

चष्मेवाला स्ट्रेचरच्या आडवा झाला. याचा उपयोग काय, हे त्याला माहीत नव्हतं. पण ड्रायव्हरने एक बोट वर केलं.

"पोरा, तुला कोणी स्टेअरिंग देऊ नये," तो म्हणाला. मग बोट चष्मेवाल्याकडे वळवलं. "जोडी?"

"जोडी," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "मी गेलो होतो आत. मी घाबरलो हो."

"कळलं ते. गुडघा फुटलाय तुझा."

घंटा थांबली. सभागृहाच्या दोन्ही दारांच्या कड्या एकामागून एक पडल्या.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर डोळे मिटून पडला होता, पण बोलत होता. गाडी चालवणाऱ्याला सांगत होता, "आता डावीकडे घे. शाळेपुढे मोठा आहे. दाबू नकोस, पाय उचल, पाय उचल... हां." चष्मेवाला दोन्ही हातांनी स्ट्रेचरची कड धरून बसला होता. खड्डा आला की तो आपलं सगळं वजन खाली घालत होता, जणू त्याने हादरा कमी होणार होता. मधेच ड्रायव्हर बोलायचा थांबला. वहिनीने त्याला हाक मारली. पुन्हा मारली. मग तो म्हणाला, "पुढे उजवीकडे," आणि दोघांनी श्वास सोडला.

* * *

दवाखान्यात त्याला लगेच आत नेलं. वहिनी दारापाशी जमिनीवर बसली. चष्मेवाला लांबच्या बाकावर बसला, कारण जवळ बसायचा आपल्याला अधिकार आहे असं त्याला वाटेना. दुपारी बातमी आली. मतं सारखी पडली, चिठ्ठी काढली आणि ती पलीकडच्या पक्षाची निघाली. व्हरांड्याच्या टोकाला पक्षाच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, तेव्हा एका नर्सने येऊन त्यांना असं झापलं की ते जिन्याखाली जाऊन हसू लागले.

म्हणजे परिषद कंत्राटदारांच्या हातातून गेली होती. चष्मेवाल्याने वहिनीचा फोन मागून घेतला आणि मुलीला लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. बायकोला लावला, तर तोही कोणी उचलेना.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. वहिनीकडे बघून म्हणाले, "निभावलं एवढं म्हणा. पुन्हा असं केलंत तर मी हात लावणार नाही." वहिनी तोंडावर पदर घेऊन बसली. मग उठून चष्मेवाल्यापाशी आली.

"गुडघ्याला पट्टी बांधून घ्या, भावजी," एवढंच म्हणाली.

ती आत गेली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी येऊन बसलं. न बघताही चष्मेवाल्याला कळलं. गुळगुळीत दाढी. दार न वाजवता लावायची ती सवय बसण्यातही होती.

चष्मेवाल्याचा हात चष्म्याकडे गेला. काडीपर्यंत पोचला. मग तिथून खाली आला आणि त्याने मान वळवून, चष्म्यातून, त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. दुकानात त्याने त्याचे नुसते डोळे पाहिले होते. आता दिसलं की हनुवटीवर जुना व्रण आहे आणि माणूस दमलेला आहे.

"माझी मुलगी फोन उचलत नाही," चष्मेवाला म्हणाला.

"घरी आहे. आई आणि ती, दोघी. दार लावून बसल्यात, फोन बंद करून." माणूस भिंतीकडे बघत होता. "मी बघून आलोय."

हा दिलासा होता की धमकी, हे चष्मेवाल्याला समजेना. बहुधा त्या माणसालाही ठरवता आलेलं नसावं.

"साहेबांनी काय सांगितलंय?"

"अजून काही नाही. ते आज कोणाशी बोलत नाहीत. तुमचा फोन तेवढा परत दे म्हणाले." त्याने तो खिशातून काढून बाकावर मधोमध ठेवला. त्याच्याच खिशात दुसरा फोन वाजला, संदेश आल्यासारखा. त्याने तो काढला, डोळे बारीक केले, हात लांब केला. अजून लांब केला. मान मागे घेतली. आता हात पुरेना.

चष्मेवाल्याने हे रोज पाहिलेलं होतं.

"जवळचं दिसत नाही तुम्हाला," तो म्हणाला. "परवा मी फक्त लांबचं तपासलं. चूक झाली. चाळिशीनंतर सगळ्यांचं होतं ते."

माणसाने फोन खाली घेतला. त्याचा चेहरा कठोर झाला आणि मग, कोण जाणे का, थोडा कमी कठोर झाला.

"काय लिहिलंय यात?" त्याने फोन पुढे केला.

चष्मेवाल्याने वाचलं. "उद्या सकाळी भेट, असं लिहिलंय. साहेबांचा आहे."

त्याने फोन परत दिला. उद्या सकाळी काय ठरेल, ते दोघांनाही माहीत नव्हतं. चष्मेवाल्याच्या पोटात भीती पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली. ती गेली नव्हतीच, आणि बहुतेक आता कधी जाणारही नव्हती.

"त्यांना भेटून झालं की दुकानावर या," तो म्हणाला. "वाचायचा चष्मा करून देतो. दुकान असलं तर."

माणूस उठला. व्हरांड्यात दोन पावलं गेला आणि थांबला.

"असेल," तो म्हणाला. आणि मग, मागे न बघता, "बहुतेक."